वाढलेला वण आणि ‘ड’ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन

टोचलेला कान, छातीवर फुटलेली पुळी, दंडावरची लस, सिझेरियनचे टाके किंवा स्वयंपाकघरात भाजल्याची जखम. बहुतेकांची जखम भरते आणि मागे फिकट वण राहतो. काहींच्या बाबतीत मात्र जखम भरल्यावरही त्वचा वाढतच राहते. वण लालसर, जाड, टणक होतो, खाजतो, दुखतो. अशा रुग्णांना सध्या मोबाइलवर एक उपाय हमखास सापडतो: वणात ‘ड’ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन घ्या, तो विरघळेल. या दाव्यात तथ्य किती, हे तपासायला हवे.

वाढलेले वण दोन प्रकारचे असतात. पहिला हायपरट्रॉफिक स्कार. तो मूळ जखमेच्या हद्दीतच राहतो आणि वर्ष-दोन वर्षांत बराचसा बसतो. दुसरा किलॉइड. तो हद्द ओलांडून शेजारच्या निरोगी त्वचेत पसरतो आणि सहसा आपणहून जात नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आलिबेर या फ्रेंच वैद्याने खेकड्याच्या नांगीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून त्याला हे नाव दिले. दादरच्या बाजारात कोळणीच्या पाटीतला खेकडा पाहिलेल्यांना ते नाव लगेच पटेल. सावळ्या आणि काळ्या त्वचेत, तरुण वयात आणि काही कुटुंबांत किलॉइडचे प्रमाण अधिक असते. कानाची पाळी, छातीचा मध्यभाग, खांदा आणि दंड या त्याच्या आवडत्या जागा.

हा प्रश्न केवळ दिसण्याचा नाही. ६ डिसेंबर २०२० रोजी लालबागच्या साराभाई इमारतीत गॅसगळतीनंतर स्फोट झाला. होरपळलेल्यांना परळच्या केईएम आणि भायखळ्याच्या मसीना रुग्णालयात हलवण्यात आले. अशा दुर्घटनांच्या बातम्या काही दिवसांत मागे पडतात. भाजण्यातून वाचणाऱ्यांची दुसरी लढाई मात्र त्यानंतर, वण जाड होऊ लागल्यावर सुरू होते. कोपर, मान किंवा बोटांच्या पेरांवरचा वण आकसला, की हाताचे काम जाते आणि त्याबरोबर रोजगारही.

‘ड’ जीवनसत्त्वाची कल्पना हवेतून आलेली नाही. जखम भरताना त्वचेतल्या फायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजन नावाचे तंतू विणतात. किलॉइडमध्ये हे विणकाम थांबण्याचा निरोप जणू पोहोचतच नाही. प्रयोगशाळेत किलॉइडच्या पेशींवर ‘ड’ जीवनसत्त्व टाकले, तर त्यांची वाढ आणि कोलॅजनची निर्मिती मंदावते, असे आढळले आहे. शिवाय किलॉइड असलेल्यांच्या रक्तात हे जीवनसत्त्व तुलनेने कमी असल्याचे काही लहान पाहण्यांनी नोंदवले आहे.

इथेच मुंबईकराने सावध राहावे. केईएममधल्या निवासी डॉक्टरांच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तरुण आणि निरोगी दिसणाऱ्या बहुसंख्य डॉक्टरांमध्येच ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता आढळली होती. सकाळी लोकल पकडायची, दिवस ट्यूबलाइटखाली काढायचा आणि अंधारात घरी परतायचे, अशा शहरात कोणाचेही रक्त तपासले तरी अहवालात ‘कमी’ येण्याची शक्यता मोठी. वण असलेल्याच्या रक्तात ते कमी आढळले, म्हणून वण त्यामुळेच वाढला असे म्हणता येत नाही. त्यात सावळ्या त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व सावकाश तयार होते आणि किलॉइडही तिच्यातच अधिक. दोन गोष्टी एकत्र दिसतात, त्या एकीतून दुसरी घडते म्हणून असेलच असे नाही.

मग रुग्णांवरच्या चाचण्या काय सांगतात? नेदरलँड्समध्ये २००९ साली एक काटेकोर चाचणी प्रसिद्ध झाली. स्तनांचा आकार कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेल्या ३० महिलांच्या वणांवर ‘ड’ जीवनसत्त्वाच्या जातीचे कॅल्सिपोट्रिऑल मलम तीन महिने लावून पाहिले. औषध नसलेल्या मलमाच्या तुलनेत फरक पडला नाही. इजिप्तमध्ये अलीकडे थेट वणात इंजेक्शन देऊन झालेल्या अभ्यासांत वण मऊ आणि पातळ झाल्याचे दिसले. पण त्यांतले रुग्ण मोजके आणि पाठपुरावा काही महिन्यांचाच. किलॉइड वर्षभरानेही उलटतो, त्यामुळे तेवढ्यावर निकाल देता येत नाही.

धोक्याचाही हिशेब हवा. भारतात मिळणारी ‘ड’ जीवनसत्त्वाची इंजेक्शने तेलातली आणि स्नायूत देण्यासाठीची असतात. एका अँप्यूलमध्ये ६ लाख युनिट असू शकतात. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढाची रोजची गरज ६०० युनिट आहे. म्हणजे एका अँप्यूलमध्ये हजार दिवसांची गरज. हे जीवनसत्त्व चरबीत साठते. वणात इंजेक्शन, वर पाकिटातली पावडर आणि जोडीला गोळ्या असे एकदम सुरू झाले, तर रक्तातले कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठता, सतत तहान, मूतखडा आणि मूत्रपिंडाला इजा इथपर्यंत मजल जाऊ शकते.

ज्यांचा गुण ठाऊक आहे ते उपचार कंटाळवाणे आहेत. वणात ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शने काही आठवड्यांच्या अंतराने, कित्येक महिने. सिलिकॉनची पट्टी दिवसातले किमान बारा तास. भाजलेल्यांसाठी घट्ट दाबपट्ट्या, जवळपास दिवसभर. स्टेरॉइडने त्वचा पातळ किंवा पांढरी पडू शकते, मधुमेहींची साखर वाढू शकते, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे. किलॉइड नुसता कापून टाकला, तर निम्म्याहून अधिक वेळा तो परत येतो, पुष्कळदा आधीपेक्षा मोठा. म्हणून शस्त्रक्रियेला इंजेक्शन किंवा किरणोपचाराची जोड लागते.

मुंबईच्या मे महिन्यात घामाने पट्टी सुटते. दर इंजेक्शनला ओपीडीच्या रांगेत एक खाडा होतो. दोन-तीन खेपांनंतर रुग्ण येईनासा होतो आणि झटपट उपायाच्या जाहिरातीला बळी पडतो. इथे व्यवस्थेलाही काही करता येईल. महापालिकेच्या ‘आपला दवाखाना’ केंद्रांच्या वेळा संध्याकाळी उशिरापर्यंत आहेत. तिथे ठरावीक दिवशी वणाच्या इंजेक्शनची सोय झाली, तर खाडा वाचेल आणि उपचार पूर्ण होतील. आणि ‘ड’ जीवनसत्त्वाचा निवाडा करायला केईएम, नायर, शीव, जेजे या रुग्णालयांइतके रुग्ण क्वचितच कुठे मिळतील. निम्म्यांना नुसते स्टेरॉइड, निम्म्यांना जोडीला ‘ड’ जीवनसत्त्व आणि दोन वर्षे पाठपुरावा, एवढे केले तरी उत्तर मिळेल.

तोपर्यंत, रक्तात ‘ड’ जीवनसत्त्व कमी असेल तर ते डॉक्टरांच्या सल्ल्याने भरून काढावे. हाडांना आणि स्नायूंना त्याची गरज आहेच. घरात कोणाला किलॉइड असेल, तर हौसेखातर कान किंवा नाक टोचण्याआधी दोनदा विचार करावा. आणि जखम भरल्यावर वण जाड व्हायला लागला, तर पहिल्या दोन-तीन महिन्यांतच त्वचारोग किंवा प्लास्टिक सर्जरी विभाग गाठावा. लहान, नव्या वणावर हेच जुने उपचार सर्वाधिक लागू पडतात.