विश्लेषण : भूमिगत कोळसा खाणीला मंजुरी मिळते, पण अटींचे काय?

भूमिगत कोळसा खाणींचे उत्पादन २०३० पर्यंत वर्षाला १० कोटी टनांवर नेण्याचे केंद्र सरकारचे उद्दिष्ट आहे. त्यामुळे विदर्भासह देशाच्या कोळसा पट्ट्यात नव्या भूमिगत खाणींचे प्रस्ताव पुढे येत आहेत. अशा प्रत्येक खाणीला पर्यावरण मंजुरी देताना अटींची लांबलचक यादी जोडली जाते. या अटी नेमक्या कशासाठी असतात, त्या पाळल्या जातात की नाही हे कोण पाहते आणि खाणीच्या डोक्यावर राहणाऱ्या गावांनी त्यातले काय वाचावे, याचा आढावा.

भूमिगत खाणींकडे पुन्हा ओढा का?

१९७०च्या दशकात कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा देशातील बहुतांश कोळसा भूमिगत खाणींतून निघत होता. नंतर मोठी यंत्रे आली आणि खुल्या खाणी स्वस्त पडू लागल्या. २०२४-२५ मध्ये देशाच्या कोळसा उत्पादनाने १०० कोटी टनांचा टप्पा ओलांडला, पण त्यात भूमिगत खाणींचा वाटा पाच टक्क्यांहूनही कमी आहे. आता वरच्या थरातील सोपा कोळसा संपत चालला आहे. खुल्या खाणीसाठी गावे उठवणे, जंगल तोडणे आणि मातीचे डोंगर उभे करणे अवघड होत आहे. त्यामुळे एप्रिल २०२५ मध्ये कोळसा मंत्रालयाने भूमिगत खाणींसाठी महसूल वाट्याची किमान अट ४ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आणली आणि आगाऊ रकमेतूनही सूट दिली. भूमिगत खाणीत वरची जमीन, शेती आणि गाव जागेवर राहते, हा सरकारचा आणि कंपन्यांचा मुख्य दावा आहे. तो बऱ्याच अंशी खरा आहे. पण जमीन जागेवर राहणे आणि ती सुरक्षित राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मंजुरी कशी मिळते?

पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ अंतर्गत १४ सप्टेंबर २००६ रोजी काढलेल्या अधिसूचनेनुसार कोळसा खाणीला काम सुरू करण्यापूर्वी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. कंपनी आधी अभ्यासाची कार्यकक्षा ठरवून घेते. त्यानंतर पर्यावरण परिणामांचा मसुदा अहवाल तयार होतो आणि जिल्ह्यात जनसुनावणी होते. सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते. ती राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ घेते, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी असतात आणि कामकाजाचे चित्रीकरण होते. मोठ्या खाणींचे प्रस्ताव पुढे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या तज्ज्ञ मूल्यांकन समितीकडे जातात. समिती शिफारस करते, मंत्रालय अटींसह मंजुरीपत्र देते. खाणीखालून किंवा वरून वनजमीन जात असेल तर वन कायद्याखालील परवानगी वेगळी. खाणीला मंजुरी ३० वर्षांपर्यंत मिळते आणि एप्रिल २०२२ मधील सुधारणेनंतर ती ५० वर्षांपर्यंत वाढवता येते. म्हणजे आज मंजूर झालेल्या अटी गावाच्या दोन पिढ्यांना लागू राहू शकतात.

नागपूर जिल्ह्यात, कळमेश्वर तालुक्यातील गोंडखैरी येथील अदानी समूहाच्या प्रस्तावित भूमिगत खाणीसाठी जुलै २०२३ मध्ये जनसुनावणी झाली, तेव्हा ग्रामस्थांनी जोरदार विरोध नोंदवला. हा संत्र्याचा आणि विहिरींवरच्या ओलिताचा पट्टा आहे. त्यामुळे विहिरींचे पाणी आणि जमिनीची स्थिरता हे इथल्या शेतकऱ्यासाठी थेट पोटापाण्याचे प्रश्न आहेत.

जमीन शेतकऱ्याची, जोखीमही शेतकऱ्याचीच?

खुल्या खाणीत कंपनीला जमीन घ्यावीच लागते. शेतकऱ्याला मोबदला मिळतो, काही ठिकाणी नोकरी मिळते, पुनर्वसन होते. ते पुरेसे असते का हा वेगळा वाद, पण व्यवहार दिसतो. भूमिगत खाणीत कंपनीला उतार-बोगदा, कार्यालये, कोळसा साठवण आणि रस्ता यांपुरती जमीन लागते. बाकी शेकडो हेक्टर शेतजमीन कागदोपत्री शेतकऱ्याचीच राहते, खालचा कोळसा मात्र काढला जातो. सरकारी कंपन्यांसाठी असलेल्या १९५७च्या कोळसा क्षेत्र संपादन कायद्यातही जमीन न घेता केवळ खननाचे हक्क घेण्याची सोय आहे.

याचा अर्थ असा की, वर राहणाऱ्या शेतकऱ्याला सुरुवातीला काही मिळत नाही आणि नुकसान झाले तर ते खाणीमुळे झाले हे नंतर दाखवून द्यावे लागते. खाण व खनिज कायद्याच्या कलम २४-अ नुसार पृष्ठभागावरील जमीनधारकाचे नुकसान भरून देण्याची जबाबदारी खाणपट्टाधारकावर आहे. पण भरपाई मागायची तर आधीची स्थिती काय होती याची नोंद हवी. मंजुरीच्या अटींचे खरे महत्त्व इथे आहे. त्या नीट पाळल्या तर ही नोंद आपोआप तयार होते.

जमीन खचण्याबाबत अटी काय असतात?

आपल्याकडील बहुतेक भूमिगत खाणींत कोळशाच्या थरात आडव्या-उभ्या गल्ल्या काढतात आणि मध्ये कोळशाचेच खांब ठेवतात. हे खांब छत तोलून धरतात. तोवर वर फारसा परिणाम होत नाही. पुढच्या टप्प्यात हे खांबही काढले जातात, त्याला खाणीत ‘डिपिलरिंग’ म्हणतात. मग एकतर छत कोसळू देतात किंवा पोकळीत वाळू भरतात. छत कोसळू दिले की वरची जमीन बशीसारखी खाली बसते. या बशीच्या मध्यभागापेक्षा तिच्या कडेला धोका जास्त असतो, कारण तिथे जमीन ताणली जाते आणि भेगा पडतात. ही बशी खालच्या खोदकामाच्या हद्दीबाहेरही पसरते. त्यामुळे ‘आमच्या शेताखाली खाण नाही’ एवढ्याने निश्चिंत होता येत नाही.

म्हणून मंजुरीत सहसा अशा अटी असतात : जमीन किती खचेल याचा शास्त्रीय अंदाज आधी द्यावा, खाणकाम सुरू असताना ठरावीक खुणांवर नियमित मोजणी करावी, भेगा माती भरून बुजवाव्यात, पावसाचे पाणी त्यात शिरू नये म्हणून चर काढावेत. नदी, तलाव, गावठाण, रेल्वेमार्ग यांच्याखालचे खांब काढू नयेत किंवा तिथे वाळूभराई करावी, अशीही अट असते. त्याशिवाय खांब काढण्यासाठी खाण सुरक्षा महासंचालनालयाची स्वतंत्र परवानगी लागते. घरे आणि रेल्वेमार्गांसाठी दर मीटरला ३ मिलिमीटर ताण ही सुरक्षित मर्यादा साधारणपणे वापरली जाते. १० मीटर लांबीच्या भिंतीखालची जमीन ३ सेंटिमीटरने ताणली जाणे, असा त्याचा अर्थ.

विदर्भात यात एक अडचण आहे. काळ्या कसदार जमिनीला उन्हाळ्यात तशाही भेगा पडतात. त्यातली उन्हाची कोणती आणि खाणीची कोणती, हे केवळ पाहून सांगता येत नाही. खाण सुरू होण्यापूर्वीची मोजणी नसेल तर वाद कायमचा अनिर्णीत राहतो.

हे संकट किती उशिरा येऊ शकते?

ऑगस्ट २०२२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुस येथे अमराई वॉर्डातील एक घर बघता बघता जमिनीत गडप झाले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही, पण परिसरातील अनेक कुटुंबांना घरे सोडून दुसरीकडे जावे लागले. या वस्तीखाली जुनी भूमिगत खाण होती. ज्या काळात ती खोदली गेली त्या काळात पर्यावरण मंजुरी नावाची गोष्टच नव्हती. आजच्या खाणींचे नकाशे आणि नियम अधिक काटेकोर आहेत, त्यामुळे दोन्हींची सरसकट तुलना योग्य नाही. मात्र खाण बंद झाली म्हणून खालची पोकळी बंद होत नाही, हे घुग्घुसने दाखवून दिले. त्यामुळे बंद झाल्यानंतरच्या देखभालीची अटही तितकीच महत्त्वाची ठरते.

विहिरींच्या पाण्याचे काय?

खाण कोरडी ठेवण्यासाठी आत झिरपणारे पाणी सतत उपसावे लागते. नागपूर आणि वर्धा खोऱ्यातील कोळसा पट्ट्यात कोळशाच्या थरांवर अनेक ठिकाणी कामठी वालुकाश्म आहे आणि हाच खडक तिथला चांगला जलसाठा आहे. खाली उपसा वाढला, किंवा छत कोसळल्याने वरच्या खडकाला भेगा पडल्या, तर विहिरींची पातळी खाली जाऊ शकते.

त्यासाठीच्या अटी तशा स्पष्ट असतात. भूजल उपशासाठी स्वतंत्र परवानगी घ्यावी. परिसरातील विहिरी आणि निरीक्षण नलिकांची पातळी वर्षातून चार वेळा, म्हणजे मे, ऑगस्ट, नोव्हेंबर आणि जानेवारीत मोजावी. पाण्याची गुणवत्ताही तपासावी. खाणीमुळे विहिरी आटल्यास कंपनीने गावाला पर्यायी पाणी द्यावे. उपसलेले पाणी गाळ बसवून, प्रक्रिया करूनच नाल्यात सोडावे. पण कोणत्या विहिरी मोजायच्या, हे बहुधा कंपनीचा सल्लागार ठरवतो. गावातल्या सर्वात उथळ आणि सर्वात आधी आटणाऱ्या विहिरी त्या यादीत आहेत का, हे पाहणे ग्रामसभेच्या हातात आहे.

खाण बंद करण्यासाठी पैसे कोठून येतात?

प्रत्येक खाणीला सुरुवातीलाच ‘खाण बंद करण्याची योजना’ मंजूर करून घ्यावी लागते आणि त्यासाठी दरवर्षी एस्क्रो खात्यात रक्कम भरावी लागते. कंपनी नंतर हात वर करील, या शक्यतेवरचा हा उपाय. कोळसा मंत्रालयाच्या २००९च्या सूचनांत खुल्या खाणीसाठी हेक्टरी ६ लाख आणि भूमिगत खाणीसाठी हेक्टरी १ लाख रुपये असा दर होता. पुढे दर वाढवले गेले. भूमिगत खाणीत माती पुन्हा भरण्याचा खर्च कमी असल्याने तिचा दर कमी, हा त्यामागचा तर्क. मात्र जमीन खचण्याचा धोका दशकानुदशके राहू शकतो, याचा हिशेब या दरात कितपत आहे, हा प्रश्न उरतो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये खाणकाम संपल्यावर जमीन गवत, चारा आणि वनस्पती वाढण्यायोग्य करण्याची अटही मंजुरीत घालण्यास सांगितले.

अटी पाळल्या जातात का, हे कोण पाहते?

कंपनीला दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबर रोजी, अटींच्या पूर्ततेचा अहवाल द्यावा लागतो. म्हणजे पहिली तपासणी कंपनी स्वतःच करते. त्यावर पर्यावरण मंत्रालयाचे विभागीय कार्यालय (विदर्भासाठी नागपूर) आणि राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ यांची देखरेख असते. पण मनुष्यबळ तोकडे आणि प्रकल्प भरमसाट. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१६ च्या अहवालात मंजुरीनंतरची देखरेख कमकुवत असल्याकडे लक्ष वेधले होते.

शिक्षेचे स्वरूपही बदलले आहे. पर्यावरण संरक्षण कायद्याच्या उल्लंघनासाठी पूर्वी पाच वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद होती. जनविश्वास कायदा २०२३ नंतर त्याऐवजी १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आहे. मोठ्या खाणीच्या उलाढालीपुढे ही रक्कम किरकोळ आहे. दुसरीकडे, मंजुरीपेक्षा जास्त उत्पादन केल्यास ते बेकायदा ठरते आणि त्या खनिजाची पूर्ण किंमत वसूल करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातील लोह व मँगनीज खाणींच्या प्रकरणात २०१७ मध्ये स्पष्ट केले. म्हणजे किती कोळसा काढला याचा हिशेब सरकार काटेकोरपणे मागते. विहीर किती खाली गेली, याचा तितक्याच काटेकोरपणे मागत नाही.

गावकऱ्यांच्या हातात काय?

मंजुरी मिळाल्यावर सात दिवसांत कंपनीने किमान दोन स्थानिक वृत्तपत्रांत जाहिरात द्यायची असते, त्यातील एक स्थानिक भाषेत. मंजुरीपत्राची प्रत ग्रामपंचायतीलाही द्यायची असते. मंत्रालयाच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर अहवाल, जनसुनावणीचा वृत्तान्त आणि मंजुरीपत्र पाहता येते. मंजुरीला आव्हान द्यायचे असेल तर राष्ट्रीय हरित लवादाकडे ३० दिवसांत अपील करावे लागते. सबळ कारण असल्यास आणखी ६० दिवस मिळू शकतात, त्यानंतर दार बंद होते. राज्यासाठी लवादाचे पीठ पुण्यात आहे.

जनसुनावणीत केवळ ‘खाण नको’ किंवा ‘खाण हवी’ एवढेच नोंदवले गेले तर मंजुरीपत्रात ठरावीक साच्याच्या अटी येतात. त्याऐवजी तीन मागण्या लेखी नोंदवता येतात : जमीन खचण्याचा अंदाज दाखवणारा नकाशा गट क्रमांकांसह मराठीत मिळावा. खाण सुरू होण्यापूर्वी गावातील सर्व विहिरींची पातळी आणि घरांची स्थिती ग्रामपंचायतीसमोर मोजून नोंदवावी. सहामाही अहवालाची प्रत दर वेळी ग्रामसभेत ठेवावी. जनसुनावणीतील लेखी मुद्द्यांना कंपनीला अंतिम अहवालात उत्तर द्यावे लागते आणि तज्ज्ञ समितीला ते विचारात घ्यावे लागतात. खाण होवो वा न होवो, ही नोंद गावाकडे राहते. उद्या विहीर आटली किंवा भिंतीला तडा गेला, तर भरपाईचा दावा याच कागदावर उभा राहील.