मैदानाबाहेरचा बारावा गडी

दोस्तांनो, भात कापून झालं, मळे मोकळे झाले की आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात वाडीवाडीवर अंडरआर्म क्रिकेटच्या मॅची लागतात, हे काही तुम्हाला सांगायला नको. शिमग्याला आणि मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी आले की मग तर विचारूच नका! कुठल्या वाडीचा कोण पट्टीचा फलंदाज, हे तुम्हाला तोंडपाठ असतं. पण एक सांगा बघू : तेरा संघांनी नावं दिली आणि बाद पद्धतीनं खेळायचं ठरलं, तर सामने किती होतील?

कागद-पेन्सिल शोधू नका. उत्तर आहे १२. विजेता एकच राहायचा, म्हणजे बारा संघ हरायला हवेत. आणि एका सामन्यात एकच संघ हरतो. आता पहिल्या फेरीत ‘पुढे चाल’ किती जणांना? २, ४, ८, १६ असं दुप्पट करत तेराच्या पुढे जा. १६ वजा १३, म्हणजे तिघांना. आणि समजा कुणी हौशीनं म्हटलं, ‘प्रत्येकानं प्रत्येकाशी खेळू या’, तर? ७८ सामने! मे महिना संपून पाऊस येईल.

बाराच सामने, प्रत्येकी पाऊण तास धरला, तरी ९ तास झाले. सकाळी आठला सुरुवात केली आणि मधे कुणी जेवलंच नाही, तरी फायनल संपायला पाच वाजणार. वर पैशांचं गणित वेगळंच. समजा, प्रवेश फी ५०० रुपये, म्हणजे ६,५०० रुपये जमले. मंडप, लाउडस्पीकर, बॉल, पंचांचं चहापाणी, चषक आणि बक्षीस मिळून खर्च १५,००० रुपये. उरलेले ८,५०० कोण देणार? बाजारपेठेतले एखादे दुकानदारकाका देतील. पण त्यांनी का द्यावेत? त्यांच्या दुकानाचं नाव फलकावर कुठे आणि केवढं लिहायचं? कॉमेंट्रीत किती वेळा घ्यायचं?

हे सगळं करणारा एक मुलगा किंवा एखादी ताई प्रत्येक वाडीत असते. हातात वही, कानाला फोन. पुष्कळदा हा गडी शेवटच्या नंबरला बॅटिंग करणारा असतो. त्याच्यासाठी टाळ्या वाजत नाहीत, पण तो आजारी पडला तर मॅची होत नाहीत!

हेच काम शिकवणारं कॉलेज असतं, हे ऐकलंय का तुम्ही? मुंबईत आहे. नाव लांबलचक आहे, ‘इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्ट्स मॅनेजमेंट’. २०१० साली ते सुरू केलं नीलेश कुलकर्णी यांनी. हे डोंबिवलीचे, उंचेपुरे डावखुरे फिरकी गोलंदाज. १९९७च्या ऑगस्टमध्ये कोलंबोला श्रीलंकेविरुद्ध ते पहिली कसोटी खेळले आणि आपल्या पहिल्याच चेंडूवर त्यांनी मर्वन अटापट्टूला बाद केलं! स्वप्नातही असं घडत नाही.

पण पुढचं ऐका. त्यानंतर जयसूर्या आणि महानामा यांनी ५७६ धावांची भागीदारी केली. श्रीलंकेनं ६ बाद ९५२ धावा ठोकल्या. कसोटीतली ती सर्वांत मोठी धावसंख्या अजून कुणाला मोडता आलेली नाही. कुलकर्णींनी त्या डावात ७० षटकं टाकली, १९५ धावा दिल्या आणि बळी तोच एक, पहिल्या चेंडूवरचा. मुंबईसाठी ते वर्षानुवर्षं खेळले, भारतासाठी मात्र त्यांच्या वाट्याला एकूण तीनच कसोटी आल्या.

मला वाटतं, खेळात पहिला चेंडू आणि नंतरची सत्तर षटकं यांत केवढं अंतर असतं, हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच असं कॉलेज काढायचं सुचावं. संघात अकराच जण मावतात. बाकीच्यांनी खेळावरचं प्रेम कुठे ठेवायचं?

या कॉलेजात मुंबई विद्यापीठाची पदवी घेता येते आणि पदवीनंतरचंही शिकता येतं. २०२० साली त्याला केंद्र सरकारचा ‘राष्ट्रीय खेल प्रोत्साहन पुरस्कार’ मिळाला. तिथे फक्त खेळायलाच मिळतं, अशी मात्र समजूत करून घेऊ नका हं! अशा अभ्यासक्रमात हिशेब आलाच, जाहिरात आली, कायदाही आला. खेळाडूशी करार कसा करायचा, सामना पावसानं वाहून गेला तर तिकिटांच्या पैशांचं काय करायचं, हे शिकावं लागतं.

खरं शिक्षण होतं ते प्रत्यक्ष सामन्यांच्या वेळी. मुंबई मॅरेथॉन जानेवारीत असते. ४२ किलोमीटर १९५ मीटरच्या त्या वाटेवर पाणी कुठे ठेवायचं, डॉक्टर कुठे बसवायचे, कोणता रस्ता किती वाजता बंद करायचा, हे आधी कुणीतरी नकाशावर बोट ठेवून ठरवतं. पहाटे धावणारे जमायच्या कितीतरी आधी या मंडळींची झोप उडालेली असते. भरल्या स्टेडियममध्ये प्रेक्षकांवर लक्ष ठेवणाऱ्यांना तर मैदानाकडे पाठ करून उभं राहावं लागतं. मागे आरडाओरडा झाला की कळतं, विकेट पडली वाटतं! ज्याला एकही चेंडू चुकवायचा नसतो, त्यानं या वाटेला जाऊ नये, असं माझं सरळ मत आहे.

आता थोडं आई-बाबांसाठी. ‘खेळून पोट भरणार आहे का?’ हा तुमचा प्रश्न चुकीचा नाही. पण प्रो कबड्डी २०१४ साली सुरू झाली, अल्टिमेट खो-खो २०२२ साली, महिलांची क्रिकेट लीग २०२३ साली. मातीतले खेळ मॅटवर आले, दूरदर्शन संचावर दिसू लागले आणि या कामासाठी शिकलेली माणसं लागू लागली. तरीही डोळे झाकून पैसे भरू नका. असं कॉलेज खासगी असतं, फी जास्त असते आणि वर मुंबईत राहण्याचा खर्च असतो. पदवी कोणत्या विद्यापीठाची, उमेदवारीसाठी मुलांना कुठे पाठवतात, मागच्या वर्षीची मुलं आज काय करतात, हे तिथे जाऊन तोंडावर विचारा. उत्तर देताना कुणी पुढच्या वर्षाच्या गप्पा मारू लागला, तर चहा पिऊन परत या.

घाई तर मुळीच नको. आपल्या रत्नागिरीतलं गोगटे-जोगळेकर महाविद्यालय १९४५ पासून उभं आहे. तिथे कॉमर्सला जाऊन, ताळेबंद नीट शिकून, संध्याकाळी खो-खो किंवा कबड्डी खेळूनही पुढे या क्षेत्रात जाता येतं. माझं विचाराल तर मी आधी हेच सुचवीन. ज्याला जमाखर्च येतो, त्याला कोणत्याही स्पर्धेत काम मिळतं.

आणि मुलांनो, तुम्हाला बारावीपर्यंत थांबायची गरजच नाही. शाळेच्या क्रीडादिनाला पी.टी.च्या सरांकडे किंवा बाईंकडे जा आणि वही मागून घ्या. कोणत्या वर्गाची रिले किती वाजता, शिट्टी कुणाकडे, दोरी कुणी आणायची, हे सगळं लिहून काढा. एक गोष्ट हमखास विसरेल, ती लाल शाईनं लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तीच वही काढा.

बरं, आता या आठवड्याचं कोडं. २१ संघ, बाद पद्धत, मैदानं दोन, एक सामना पाऊण तासाचा. सामने किती, पहिल्या फेरीत पुढे चाल किती जणांना, आणि एका रविवारात हे सगळं बसेल का? सूचना : फायनलच्या वेळी दुसरं मैदान रिकामंच राहणार आहे. उत्तर पुढच्या अंकात!