सुनावणी पांढुर्ण्याला कधी येणार?

प्रति,
माननीय अध्यक्ष व सदस्य,
मध्य प्रदेश विद्युत नियामक आयोग, भोपाळ

मध्य प्रदेशात नियामक आयोग १९९८ मध्ये स्थापन झाला. विजेचे दर ठरवण्याचे त्याचे अधिकार २००३ च्या विद्युत कायद्याने पक्के केले. अध्यक्ष धरून जास्तीत जास्त तीन माणसे. उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती, राज्याचे मुख्य सचिव आणि केंद्रातला एक वीज-अधिकारी अशी समिती नावे सुचवते आणि सरकार नेमणूक करते. मुदत पाच वर्षे, वयोमर्यादा पासष्ट. बिल भरणाऱ्याला या साखळीत कुठेही मत नाही.

असे मत असणारी राज्ये जगात आहेत. अमेरिकेत ॲरिझोना, जॉर्जिया, लुइझियाना यांसह काही राज्यांत नियामक थेट निवडून येतो. लुइझियानात १९१८ साली ह्यूई लाँग हा पंचवीस वर्षांचा वकील रेल्वे आयोगावर निवडून आला. हाच आयोग १९२१ मध्ये लोकोपयोगी सेवा आयोग झाला. टेलिफोन कंपनीच्या दरवाढीविरुद्ध लाँग सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला आणि सुमारे ८०,००० ग्राहकांना पैसे परत मिळाले. पुढे तो १९२८ मध्ये गव्हर्नर, मग सिनेटर झाला, हुकूमशाही वळणावर गेला आणि १९३५ मध्ये गोळीला बळी पडला. म्हणजे निवडणूक हाही रामबाण उपाय नव्हे. पण जॉर्जियात २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये वाढत्या बिलांनी वैतागलेल्या मतदारांनी दोन नियामकांना घरी बसवले. पांढुर्णा-सौंसरच्या ग्राहकाला एवढे दात कायद्याने दिलेले नाहीत. त्याच्या हाती आहे फक्त जनसुनावणी.

विद्युत कायद्याचे कलम ६४ सांगते की लोकांच्या हरकती व सूचना विचारात घेऊन आयोगाने १२० दिवसांत निर्णय द्यावा. दरांची गेल्या काही वर्षांची कहाणी अशी. वीज वितरण कंपन्यांनी २०२२-२३ साठी सरासरी ८.७१ टक्के वाढ मागितली, मंजूर झाली २.६४. पुढच्या वर्षी मागणी ३.२० आणि मंजुरी १.६५, २०२४-२५ ला ३.८६ आणि ०.०७, २०२५-२६ ला ७.५२ आणि ३.४६. मागणीला कात्री लावल्याचे श्रेय आयोगाला द्यायलाच हवे. तरी चार वर्षांची वाढ एकावर एक चढवली तर आठ टक्के होते, आणि ती ठरताना संत्र्याच्या या पट्ट्यातून कोण बोलले?

बोलणार तरी कुठे? सुनावणीची ठिकाणे ठरलेली : जबलपूर, इंदूर, भोपाळ. पांढुर्णा-सौंसरचा पुरवठा पूर्व क्षेत्र कंपनीकडे, म्हणून वाट जबलपूरची, रस्त्याने तीनशे किलोमीटरच्या आसपास. तक्रार निवारण फोरम जबलपूरला. त्यावर लोकपाल भोपाळला. दराच्या आदेशावर अपील दिल्लीला, तेही ४५ दिवसांत. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, कलेक्टर दाराशी आला. आयोग मात्र आहे तिथेच आहे. सीमेपलीकडे नरखेडच्या संत्रा बागाईतदाराचे नशीब पाहावे : महावितरणच्या दरवाढीवर महाराष्ट्राच्या आयोगाने नागपूर आणि अमरावतीत सुनावण्या घेतल्या आहेत. शिवारे एकमेकांना लागून, बहार तोच, मोटरही तीच.

सुनावणीचा मुहूर्तही मोठ्या कृपेने निवडलेला असतो. हरकती जानेवारीच्या आसपास, सुनावणी त्यानंतर लगेच, आदेश मार्चअखेर. याच दिवसांत आंबिया बहाराचा ताण तोडून बागेला पहिले पाणी दिले जाते. शेतीला थ्री फेज वीज दहा तास. ती येईल तेव्हा मोटरपाशी माणूस हवा, मग ती रात्र का असेना. त्या आठवड्यात डीपी जळाली तर फुलाचा हिशेब चुकतो. अशा वेळी बाग सोडून जबलपूर गाठायचे आणि काही मिनिटे बोलून परतायचे, ही अपेक्षा कोणत्या शेतकऱ्याकडून आहे? कोरोनानंतर सुनावणी पडद्यावरही झाली, हे खरे. पण शेकडो पानांची याचिका आणि तिची जाहीर सूचना हिंदी-इंग्रजीत असते, आणि इथल्या घराघरांत बोलणे-वाचणे मराठीत चालते. १९५६ पर्यंत या भागाची राजधानी नागपूर होती, याची भोपाळला आठवण करून देण्यात काही गैर नसावे.

दहा अश्वशक्तीपर्यंतच्या मीटर नसलेल्या पंपाला वर्षाला अश्वशक्तीमागे ७५० रुपये, बाकी भार सरकारचा. घरगुती वापर १५० युनिटपर्यंत असेल तर पहिल्या शंभर युनिटला शंभर रुपये. या सवलती सरकारच्या आहेत, आयोगाच्या नव्हेत, आणि सरकारच्या मर्जीवर आहेत. त्या उद्या आटल्या की आयोगाचा मूळ दर थेट बागाईतदाराच्या अंगावर येईल. तेव्हा हरकत घ्यायला उशीर झालेला असेल.

सबब आयोगाने पुढच्या दर-याचिकेवर एक सुनावणी पांढुर्णा किंवा सौंसर येथे घ्यावी, याचिकेचा सारांश मराठीत छापावा, सूचना नागपूरच्या मराठी वृत्तपत्रांतही द्यावी, आणि कलम ९४ प्रमाणे ग्राहकांची बाजू मांडायला या भागासाठी एक प्रतिनिधी नेमावा. यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही.