लेण्यांची राखण

बदलापूरजवळच्या शिरगावातून आगगाडीने कर्जतच्या दिशेने निघाले, की सह्याद्रीची रांग हळूहळू जवळ येऊ लागते. या रांगेच्या कुशीत, राजमाची किल्ल्याच्या पायथ्याशी, कोंडाणे येथील बौद्ध लेणी आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ती कोरली गेली. पावसाळ्यात लेण्यांवरून धबधबा कोसळू लागला, की तेथे माणसांची रीघ लागते. ती पाहून कोणी म्हणतो, “लोक येतात हे उत्तमच आहे.” कोणी म्हणतो, “लेण्यांना कुलूप लावावे. तरच ती वाचतील.” या दोन मतांपैकी कोणते स्वीकारावे?

प्रथम खडकाचा विचार केला पाहिजे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी या भूमीला मोठमोठ्या भेगा पडल्या आणि त्यांतून तप्त शिलारस बाहेर आला. तो दूरवर पसरला व थिजला. पुन्हा नवा रस आला आणि जुन्या थरावर पसरला. असे थरांवर थर साचून सह्याद्रीचा काळा पाषाण तयार झाला. यालाच बेसाल्ट म्हणतात. सह्याद्रीचे कडे पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात, ते या थरांमुळेच. असे जाड व घट्ट थर लाभले, म्हणून भारतातील बहुसंख्य कोरीव लेणी महाराष्ट्रात निर्माण झाली. लेणे पाहणारा मनुष्य केवळ शिल्प पाहत नाही. पृथ्वीच्या इतिहासाचे एक पानही तो वाचत असतो.

आता शिल्पकारांचा विचार करावा. इमारत बांधताना एखादा दगड बिघडला, तर तो काढून दुसरा बसविता येतो. लेण्यात तशी सोय नाही. तेथे डोंगरातील नको असलेला भाग काढून टाकावयाचा आणि हवा तेवढाच राखावयाचा असतो. एखादा घाव चुकला, तर गेलेला दगड परत येत नाही. कोंडाण्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर एक लहानसा लेख आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे काम केले, एवढेच त्यात सांगितले आहे. बलकाने आपल्या नावाबरोबर गुरूचेही नाव कोरले. आणि त्या नावांमागे अपार श्रम होते. आज कोणी खिळ्याने वा खडूने लेण्याच्या भिंतीवर आपले नाव लिहितो, त्याच्या नावामागे काय असते? बलकाचा लेख ही कामाची नोंद होय. दुसरे मात्र नुसते विद्रूपीकरण होय.

दगडाला पाझर फुटत नाही, असे म्हणतात. पण पाणी खडकाच्या बारीक भेगांत शिरते आणि त्याला आतून पोखरते. निसर्गाचे हे काम मंद गतीने चालते. माणसाचे मात्र क्षणात होते. लेण्यात चूल पेटविली, की धुराने छत काळवंडते आणि उष्णतेने दगडाचे पापुद्रे सुटतात. फेकलेल्या बाटल्या व पिशव्या पावसाच्या लोंढ्याबरोबर ओढ्यात आणि ओढ्यातून उल्हास नदीत जातात. हीच उल्हास पुढे बदलापूरला येते व तेथील घराघरांत तिचे पाणी प्यायले जाते. लेण्यापाशी फेकलेली घाण दूर गेली असे वाटते, पण ती घराच्याच वाटेला लागलेली असते.

मग कुलूपच लावावे काय? फ्रान्समधील लास्को येथे १९४० साली काही मुलांना एक गुहा सापडली. तिच्यात हजारो वर्षांपूर्वीची चित्रे होती. ती पाहण्यास इतकी गर्दी झाली, की माणसांच्या श्वासातील बाष्पाने व वायूने चित्रे बिघडू लागली आणि १९६३ साली गुहा लोकांसाठी बंद करावी लागली. १९८३ पासून लोक जवळच उभारलेली तिची प्रतिकृती पाहू लागले. अजिंठ्यालाही खाजगी वाहने सुमारे ४ किलोमीटर अलीकडे थांबवावी लागतात. चित्रे नाजूक असतात; तेथे असे निर्बंध योग्यच होत. परंतु प्रत्येक लेण्याला कुलूप लावले, तर येणाऱ्या पिढ्यांना त्याची ओळख कशी होणार? ज्याची ओळख नाही, त्याविषयी प्रेम नाही. आणि जेथे प्रेम नाही, तेथे राखणही होत नाही.

संरक्षित स्मारकाची नासधूस करणाऱ्यास कायद्याने २ वर्षांपर्यंत कारावास किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कायदा आवश्यकच आहे. परंतु प्रत्येक खांबापाशी पहारेकरी उभा करता येत नाही. म्हणून लेणी खुली असावीत, पण तेथे जाणाऱ्याने काही नियम स्वतःच पाळावेत. पाहावे, पण ओरखडा उठवू नये. शिदोरी बाहेर बसून खावी आणि कचरा परत न्यावा. चूल पेटवू नये, गोंगाट करू नये. गावकऱ्यांच्या शेतातून वाट काढू नये. गर्दी फार असेल, तर आपली पाळी येईपर्यंत थांबावे.

हे नियम पाळण्यास पैसा लागत नाही की विद्वत्ता लागत नाही. शाळेच्या सहलीत एका मुलाने दुसऱ्याच्या हातातील खिळा खाली ठेवावयास लावला, तरी बलकाच्या कामाची तेवढी राखण झाली.