उंदराचें विकर आणि घरांतील गोळी

सोलापुरांतील जुन्या गिरण्यांचे भोंगे आतां थांबले असले, तरी सूत, माग आणि कष्टकरी स्त्री यांच्याशीं या गांवाचें असलेलें नातें कांहीं तुटलेलें नाहीं. म्हणून आजच्या विषयाचा आरंभ आम्ही गिरणीकामगार स्त्रियांच्याच एका हकीकतीनें करतों. इ. स. १९२८ मध्यें ल्यूसी विल्स नांवाच्या एक इंग्रज विदुषी मुंबईस आल्या. तेथील गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर स्त्रियांना एक विशेष प्रकारचा पंडुरोग होई आणि तो पुष्कळदां प्राणावर बेते. अन्नांतील एखाद्या द्रव्याची उणीव हेंच त्याचें मूळ असावें, असा बाईंचा तर्क होता. यीस्टचा अर्क दिल्यानें हा रोग बरा होतो, हें त्यांनीं १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. पुढें १९४१ मध्यें अमेरिकेंत पालकाच्या पानांतून तें द्रव्य वेगळें काढण्यांत आलें व पानाच्या लॅटिन नांवावरून त्यास ‘फोलिक आम्ल’ हें नांव पडलें.

परंतु हें आम्ल पोटांत गेलें म्हणजे काम झालें, असें नव्हे. त्याला कामाच्या रूपांत आणणारें एक विकर, म्हणजे एन्झाइम, शरीरांत असावें लागतें. विकरें हीं रासायनिक क्रिया त्वरेनें घडवून आणणारीं प्रथिनें होत. भाकरीचा घास बराच वेळ चावला असतां गोड लागूं लागतो, तो लाळेंतील अशाच एका विकराचा प्रताप. फोलिक आम्लावर काम करणाऱ्या विकरास ‘डायहायड्रोफोलेट रिडक्टेज’ असें लांबलचक नांव आहे. ज्या पेशी झपाट्यानें वाढतात, त्यांना त्यावांचून चालत नाहीं. मग ती गर्भाची पेशी असो, रक्त तयार करणाऱ्या मज्जेची असो, कीं कर्करोगाची असो.

वाढीस जें लागतें तें अडविलें, तर रोगाची वाढही अडेल, हा विचार येथूनच निघाला. आंध्रांत जन्मलेले येल्लाप्रगड सुब्बाराव व त्यांचे सहकारी यांनीं अमेरिकेंत फोलिक आम्लाला अडविणारीं द्रव्यें तयार केलीं, आणि त्यांतील एकानें रक्ताच्या कर्करोगानें पीडित बालकांना कांहीं काळ तरी उतार पडतो, हें सिडनी फार्बर यांनीं १९४८ सालीं दाखविलें. आज सुपरिचित असलेलें मेथोट्रेक्सेट हें औषध त्याच कुळांतलें होय.

आतां जंतूंनाही हें विकर लागतें. पण जंतूचें विकर आणि सस्तन प्राण्याचें विकर यांची घडण हुबेहूब एक नाहीं. ट्रायमेथोप्रिम नांवाचें औषध जंतूच्या विकराला घट्ट धरतें. उंदराच्या वा मनुष्याच्या विकराला मात्र तें नेहमींच्या मात्रेंत फारसें बाधत नाहीं. रोगजंतु मरावा आणि रोगी वांचावा, हें या फरकामुळेंच साधतें.

या फरकाची मोठी सुंदर प्रचीति १९७८ सालीं आली. अमेरिकेंतील ॲनी चँग, रॉबर्ट शिमके, स्टॅन्ली कोहेन आदि शास्त्रज्ञांनीं उंदराच्या पेशींतून या विकराचा आराखडा मिळविला, म्हणजे तें कसें घडवावें हें सांगणारा जनुकाचा मजकूर. तो त्यांनीं ई. कोलाय या आंतड्यांतील जंतूंत घातला, आणि असे जंतु ट्रायमेथोप्रिम मिसळलेल्या अन्नावर वाढविले. साधे जंतु मेले. ज्यांच्यांत उंदराचें विकर नीट तयार झालें, ते जगले. कारखाना जंतूचा, पण माल उंदराचा. आणि तो नुसता दिसण्यापुरता नव्हे, तर काम करणारा!

याच रीतीनें तयार केलेलीं उंदराचीं नाना विकरें आज प्रयोगशाळांना बाटलींत मिळतात. त्यांना ‘पुनःसंयोजित प्रथिनें’ म्हणतात. उंदराचींच कां, असें कोणी विचारील. नवें औषध मनुष्यास देण्यापूर्वीं बहुधा उंदरावर पारखलें जातें. आणि तें उंदरास लागू पडलें म्हणून मनुष्यास पडेलच, असा नेम नाहीं. दोघांचीं विकरें दोन नळ्यांत घेऊन आधींच तुलना केली, तर हा घोटाळा पुष्कळसा टळतो. शिवाय तें प्रथिन मिळविण्यासाठीं दर वेळीं प्राणी मारण्याची गरज राहत नाहीं. अहिंसेची चाड असलेल्या घरांत हीहि गोष्ट लहान मानली जाणार नाहीं.

आमच्या वाचकभगिनींना मात्र या सर्वांतून एक व्यवहाराची गोष्ट सांगणें आम्हांस अगत्याचें वाटतें. मेथोट्रेक्सेट हें आतां संधिवातावरही देतात, आणि त्यासाठीं तें आठवड्यांतून एकच दिवस घ्यावयाचें असतें. त्याचा त्रास कमी व्हावा म्हणून डॉक्टर बहुधा फोलिक आम्लाचीही गोळी लिहून देतात. दोन्ही गोळ्या पुष्कळदां लहान व पिवळ्या असतात. वृद्ध सासूबाईंनीं वा मामंजींनीं एकीच्या जागीं दुसरी समजून मेथोट्रेक्सेट रोज घेतलें, तर मज्जेंतील रक्तनिर्मितीच थांबून जिवावर बेतूं शकतें. यास्तव गोळीचा वार ठरवून तो डबीवर मोठ्या अक्षरांत लिहावा, आणि ती गोळी घरांतील एका जाणत्या माणसानेंच हातांत द्यावी. चुकून जास्त गोळ्या गेल्या, तर त्रास दिसण्याची वाट न पाहतां तत्काळ रुग्णालय गांठावें. गरोदर स्त्रीनें, किंवा गर्भ राहावा अशी इच्छा असलेल्या स्त्रीनें, हें औषध घेऊं नये. आधींच चालू असेल, तर लागलीच डॉक्टरांस सांगावें. फोलिक आम्ल मात्र त्यांच्या सल्ल्यानें गर्भ राहण्याच्या आधींपासूनच सुरू करावें, कारण बालकाच्या मेंदूचा व पाठीच्या कण्याचा पाया पहिल्या कांहीं आठवड्यांतच घातला जातो.