‘केवळ सैद्धांतिक’ या शब्दांची किंमत
१/ संगणकसुरक्षेच्या इतिहासात ‘केवळ सैद्धांतिक’ या दोन शब्दांइतके नुकसान फार थोड्या शब्दांनी केले असेल. दोष आहे हे मान्य, पण तो प्रत्यक्षात घडणार नाही, असा निर्वाळा ते देतात. लिनक्सच्या कर्नेलमधील ‘डर्टी काऊ’ हा दोष म्हणजे या निर्वाळ्याविरुद्धचा लेखी पुरावा होय.

२/ एखादी फाइल फक्त वाचण्याची मुभा असलेल्या वापरकर्त्याने ती मेमरीत खासगी स्वरूपात उघडून बदलू पाहिली, तर कर्नेल मूळ पानाला हात लावत नाही. ते त्याची नक्कल काढते आणि बदल नकलेवर करते. या पद्धतीचे नाव ‘कॉपी ऑन राइट’. ‘काऊ’ ही त्याचीच आद्याक्षरे.

३/ मात्र नक्कल काढणे आणि तिच्यावर लिहिणे ही दोन वेगळी पावले आहेत. मधल्या फटीत त्याच प्रोग्रामचा दुसरा थ्रेड ‘ही नक्कल टाकून द्या’ असे कर्नेलला सांगतो. कर्नेल पान पुन्हा शोधते. पण नक्कल झालीच आहे या समजुतीने लेखनाच्या परवानगीची अट त्याने आधीच सोडलेली असते. हाती मूळ पान येते आणि लेखन त्यावरच होते. साधा वापरकर्ता अशा रीतीने यंत्राचा मालक होतो. निकाल कोण आधी पोहोचतो यावर ठरतो, म्हणून ही ‘रेस कंडिशन’.

४/ लिनस टोरवाल्ड्स यांनी ही फट २००५ सालीच बुजवण्याचा प्रयत्न केला होता. त्या दुरुस्तीने आयबीएमच्या एस-३९० यंत्रांवर अडचण आली, म्हणून ती मागे घेतली गेली. त्याच वर्षी दोन कोअरचे प्रोसेसर घरगुती संगणकांत येऊ लागले होते. शर्यतीचे मैदान रुंदावत असतानाच पहारा उठला.

५/ ऑक्टोबर २०१६ मध्ये फिल ओएस्टर यांना हा हल्ला प्रत्यक्ष वापरात सापडला. २००७ च्या २.६.२२ पासूनच्या आवृत्त्या असुरक्षित ठरल्या. पूर्वी निव्वळ सैद्धांतिक असलेली शर्यत आता सहज घडू लागली आहे, अशी कबुली टोरवाल्ड्स यांनी दुरुस्तीच्या टिपणातच दिली. हा प्रामाणिकपणा स्तुत्य आहे. पण तो नऊ वर्षे उशिरा आला.

६/ बचाव ठरलेला असतो : कोट्यवधी ओळींच्या कर्नेलमध्ये प्रत्येक शक्यतेमागे किती धावायचे? प्रश्न रास्त, निष्कर्ष चुकीचा. संभाव्यतेचा हिशेब अपघाताला लागू पडतो, हल्लेखोराला नव्हे. लाखात एकदा जमणारी गोष्ट तो काही क्षणांत लाख वेळा करून पाहतो.

७/ किंमत कोणी मोजली? सप्टेंबर २०१७ मध्ये ट्रेंड मायक्रोने हाच दोष वापरणाऱ्या ‘झेडएनआययू’ या अँड्रॉइड मालवेअरची माहिती दिली. बाधितांपैकी बहुसंख्य चीन आणि भारतातील होते. दुरुस्ती जगजाहीर होऊन वर्ष होत आले होते. सामान्यांच्या फोनपर्यंत ती पोहोचलीच नव्हती.

८/ त्याच वर्षाच्या अखेरीस २०१६ ची दुरुस्तीही मोठ्या आकाराच्या पानांबाबत अपुरी असल्याचे उघड झाले.

९/ ‘सैद्धांतिक’ हे धोक्याचे मोजमाप नाही. ते आजच्या यंत्राच्या वेगाचे वर्णन आहे. यंत्र बदलते, वर्णन खोटे पडते, दोष मात्र जागीच राहतो. मागे घेतलेली प्रत्येक दुरुस्ती फेडायचे कर्ज म्हणून नोंदली गेली पाहिजे. कारण त्याची वसुली कर्ज काढणाऱ्याकडून कधीच होत नाही.