मीटर त्यांचं, मालक कोण?

दोस्तांनो, हल्ली आपलीच पोरं मला चहा पाजून शिकवतात : वीज सरकारची नको, शेठजीची नको, ग्राहकांच्या मालकीची सहकारी कंपनी काढा. ग्राहकच मालक! ऐकायला झकास. पण मी गोदीत ओझी उचलतो. मालक हा शब्द कानावर आला की आधी पाठ चाचपतो.

ग्राहक म्हणजे कोण रे? ज्याच्या भिंतीवर मीटर, तो. अन् ज्याला भिंतच नाही, तो?

हा खेळ आपल्याकडं होऊन गेलाय. १९६९ साली ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ निघालं. अमेरिकेच्या धर्तीवर देशात पाच वीज सोसायट्या उभ्या राहिल्या. त्यातली एक श्रीरामपूरची मुळा-प्रवरा. साखरेचा पट्टा. मंडळाकडून वीज घ्यायची, गावोगाव वाटायची. ऊस पंपावर, पंप विहिरीवर, विहीर जमिनीवर. जमीन कुणाची, हे मी सांगायला पाहिजे? कोयत्याला शेअर मिळत नसतो. शेवटी थकबाकीचा डोंगर झाला. २०११ साली परवाना संपला, कारभार महावितरणकडं गेला. रात्रीचा मालक सकाळी नुसता ग्राहक!

मूळ अमेरिकेचंच बघा. १९३६ च्या कायद्यानं सरकारनं कर्ज दिलं. खासगी कंपन्या खेड्यात जात नव्हत्या, तिथं शेतकऱ्यांनी सोसायट्या काढून तारा ओढल्या. मोठं काम, मी नाकारत नाही. माणशी एक मत, हा कायदा. पण दक्षिणेत काय झालं? १९६६ साली अलाबामाच्या लाउंड्स परगण्यात काळ्यांनी मतपत्रिकेवर काळा चित्ता आणला. तोच पुढं ओकलंडला गेला, १९७२ साली नाव मुंबईत आपल्याकडं आलं. त्याच दक्षिणेतल्या १२ राज्यांत २०१६ साली वीज सोसायट्यांची मंडळं मोजली. वस्तीत काळे शंभरात बावीस, संचालकांत पाचसुद्धा नाहीत. मत होतं. खुर्ची नव्हती.

आपला कायदा काय म्हणतो? संचालक २१ पर्यंत, त्यात अनुसूचित जाती-जमाती मिळून राखीव जागा एक. एकाच्या हातात फार तर चहाचा कप येतो, हिशोबाची वही येत नाही.

बाबासाहेब १९४२ ते ४६ मजूरमंत्री होते, वीजही त्यांच्याच खात्यात. विजेची मालकी सरकारची की खासगी, हा सवाल त्यांनी तेव्हाच टेबलावर ठेवला. १९४७ साली लिहून दिलं : मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे. त्यांना पाटलाचा सहकार ठाऊक नव्हता काय?

म्हणून सांगतो. सहकार करायचाच असेल तर मीटरला नको, माणसाला सभासद करा. भाडेकरूला, झोपडीला, ऊसतोड्याला. वही चावडीत उघडा. हे जमत नसेल तर 'लोकांची मालकी' म्हणू नका. सरळ म्हणा, पाटलाची वीज.

अन् तुम्ही पोरांनो, सभेची नोटीस लागली की जा. मागं उभं राहू नका. पहिल्या रांगेत बसा आणि विचारा : माझा शेअर कुठाय?

जय भीम.